एक पट्टी कमी

जपूनराव हे नाव काही आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते आता फक्त पगाराच्या चिठ्ठीवर आणि विजेच्या बिलावर उरलं होतं. इमारतीत, कारखान्यात आणि बायकोच्या माहेरी सगळे त्यांना जपूनरावच म्हणत, कारण त्यांचं कुठलंही वाक्य 'जपून' या शब्दाशिवाय संपत नसे. जिन्यात कोणी भेटलं की 'काय, बरंय ना? उतरा जपून.' फोनवर 'ठेवतो, जपून.' मेहुण्याच्या लग्नात तर त्यांनी 'सुखाने नांदा' म्हणायच्या जागी 'जपून नांदा' म्हटलं होतं, आणि पुढे जे काही झालं ते पाहता सल्ला अगदीच चुकीचा नव्हता, असं बायको खाजगीत कबूल करते.

ते बिस्किटांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. बिस्किटांच्या कारखान्यात कसला आलाय धोका, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. जपूनरावांना एकदा तसं विचारून बघा. हवेतली पिठाची धूळ पेट घेऊ शकते इथून ते सुरुवात करतील आणि तुमचा चहा थंड होईल. हात पाठीमागे बांधून, मान जरा पुढे काढून ते रोज कारखानाभर फेरी मारत आणि कुठे शंका आली की तिथे काळी-पिवळी प्लास्टिकची पट्टी बांधत. पट्टीवर एकापुढे एक 'धोका धोका धोका' असं छापलेलं. कामगार एकमेकांना सांगत, साहेबांच्या हातात पट्टी दिसली की एका जागी उभं राहू नका, तुम्हालाच बांधतील.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. जपूनरावांचं तोंड दुधाने कधी पोळलंच नव्हतं, कारण ते दूधही फुंकूनच पीत आले होते. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो शाळेतून फोन येईपर्यंत टिकला.

"तुमची मुलगी मधल्या सुट्टीत घसरगुंडीखाली उभी राहते," वर्गशिक्षिका म्हणाल्या.

"खाली उभं राहणं बरं नाही," जपूनराव म्हणाले. "वरून कोणी आलं तर—"

"वरून कोणी येत नाही. ती कोणाला चढूच देत नाही. पायरी ओली आहे म्हणते, दांडा हलतो म्हणते. आता मुलं तिला खेळायला घेत नाहीत. बाकावर एकटी बसते डबा घेऊन. आणि शुक्रवारी आमची सहल आहे, जंगलातल्या पायवाटेवर. अख्ख्या वर्गाची नावं आली, हिचं तेवढं नाही. जंगलात झाडं पडतात, म्हणाली."

ओल्या पायरीचं ऐकून जपूनरावांची छाती खरं तर थोडी फुगली होती. पायरी ओली आहे की नाही हे बघणारी मुलं हल्ली असतात कुठे? पण 'एकटी बसते' हे दोन शब्द घशात अडकले ते संध्याकाळपर्यंत खाली उतरले नाहीत. सात वर्षांची पोर, आणि मधली सुट्टीभर बाकावर.

घरी बायको सोफ्यावर पाय लांब करून बसली होती. तिचा एक पाय प्लास्टरमध्ये होता, आणि तो तिथे कसा गेला हेही सांगून टाकलेलं बरं. न्हाणीघरात कोणी घसरू नये म्हणून जपूनरावांनी दारातच एक जाड रबरी चटई टाकली होती. गेल्या महिन्यात त्या चटईच्या वर आलेल्या कडेला अडखळून बायको पडली. त्यावर जपूनरावांचं म्हणणं असं, की चटई नसती तर ती घसरून पडली असती, आणि घसरून पडणं हे अडखळून पडण्यापेक्षा केव्हाही वाईट. त्यामुळे बायको सोफ्यावर गेली आणि चटई जागेवर राहिली.

"एवढी भीती तिच्यात आली कुठून, सांगू?" बायको म्हणाली.

"शाळेतून," जपूनराव म्हणाले.

"खाण तशी माती," बायको म्हणाली आणि पुन्हा मासिकात डोकं घातलं. थोड्या वेळाने तिने ते बाहेर काढलं. "अहो, रविवारी तुम्हीच घेऊन जा तिला त्या पायवाटेवर. धाकट्यालाही न्या. एकदा बघून आली की शुक्रवारी जाईल सगळ्यांबरोबर. नाही गेली, तर पुढची दहा वर्षं ती बाकावरच बसणार आहे, हे मी तुम्हाला आज सांगून ठेवते."

"मी एकटा? दोन मुलांना घेऊन? जंगलात?"

"आणि एक अट. दिवसभरात तो शब्द तोंडातून काढायचा नाही."

"कुठला?"

बायकोने नुसतं बघितलं. जपूनरावांनी कानाला खडा लावला.

आता तुम्ही म्हणाल, घरापासून बसने जेमतेम अर्ध्या तासावरचं जंगल, म्हातारीकोतारी माणसं सकाळी तिथे पाय मोकळे करायला जातात, त्यात एवढं काय. पण बातमी इमारतीत पसरली आणि जंगल रोज थोडं थोडं घनदाट होत गेलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त स्थापत्य अभियंते, ज्यांना सगळे वरचे काका म्हणत, ते जिन्यात अडवून म्हणाले, "साप. साप ऐकत नाही, पण जमिनीचा हादरा त्याला बरोबर कळतो. पाय आपटत चालायचं. आम्ही धरणाच्या कामावर होतो तेव्हा पाय आपटून आपटून माझे बूट झिजले, पण साप म्हणून दिसला नाही."

"दिसलाच नाही?"

"म्हणून तर म्हणतो."

समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं मत नेमकं उलट. "गांधीलमाश्या," त्या म्हणाल्या. "जरा आवाज झाला की उठतात. अगदी गुपचूप जायचं. आणि मुलांची तोंडं बंद ठेवा. माझ्याकडे एक पेशंट आला होता." त्या पेशंटचं पुढे काय झालं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि न सांगितलेल्या गोष्टीसारखी जपूनरावांची झोप उडवणारी दुसरी गोष्ट नाही.

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं ऐकू नये हे खरं, पण ज्याला खाली उतरून शेळ्यांमध्ये जायचंय त्याला ते कानाआड करता येत नाही. रात्रंदिवस विचार करून जपूनरावांनी दोन्ही सल्ल्यांचा मध्य काढला: पाय जोरात आपटायचे आणि तोंडाने गप्प राहायचं.

रविवारी सकाळी घरातून निघालेलं पथक असं होतं. पुढे जपूनराव, पाठीवर पिशवी. पिशवीत केळी, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, मलमपट्टी, दोन शिट्ट्या, छत्री, कपड्यांचे जादा जोड आणि कारखान्यात टाकून दिलेल्या रिळातून कापून घेतलेल्या धोक्याच्या पट्ट्या. वाटेला जिथे जिथे फाटा लागेल तिथे पट्टी बांधायची, म्हणजे परतताना वाट चुकायची नाही, ही योजना. मागे थोरली, तिच्यामागे चार वर्षांचा धाकटा, आणि दोघांच्या अंगात रेनकोट, डोक्यावर कारखान्याची पिवळी हेल्मेटं. धाकट्याचं हेल्मेट नाकापर्यंत येत होतं. त्यामुळे जिना उतरतानाच तो कठड्यावर आपटला. दिवसभरातली ती पहिली इजा, आणि पुढे बघाल तर शेवटचीही तीच.

"ज—" जपूनराव म्हणाले, आणि वरून बायको बघत होती म्हणून त्यांनी त्या शब्दाचा खोकला केला.

जंगलाच्या तोंडाशी वनखात्याची चौकी होती. चौकीवरचा रक्षक खुर्चीत बसून आत जाणाऱ्यांच्या पिशव्या बघत होता. आत नेलेली प्लास्टिकची वस्तू बाहेर आलीच पाहिजे असा तिथला नियम, म्हणून तो सगळं मोजून घ्यायचा. पण प्रश्न विचारायला सुरुवात केली ती जपूनरावांनी.

"या झाडांची शेवटची तपासणी कधी झाली?"

"झाडांची?"

"मुळं, फांद्या. कोणीतरी बघत असेल ना."

"साहेब, ती उभी आहेत म्हणजे ठीकच आहेत."

"आत किती माणसं आहेत आत्ता? बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठला?"

"दुसरा कशाला? गोल वाट आहे. चालत राहिलात की फिरून इथेच येता. लहान मुलंसुद्धा तासाभरात येतात."

मागे रांग वाढत चालली होती. पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेलं एक म्हातारं जोडपं एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतं. रक्षकाने पिशवीतून पट्ट्यांचा गठ्ठा काढला, 'धोका धोका' वाचलं आणि जपूनरावांकडे नव्या नजरेने बघितलं. मग त्याने पट्ट्या मोजल्या आणि थोरलीला जवळ बोलावलं.

"बाळ, वाचता येतं ना तुला? मग तू लक्ष ठेव. यातली एकही आत राहता कामा नये. आणि आतलं काही बाहेर आणायचं नाही. कळलं?"

थोरलीने मान डोलावली. इतकी गंभीर मान रक्षकाने त्या चौकीवर पूर्वी बघितली नसावी, कारण तो खुर्चीत जरा सरळ बसला.

आणि ते तिघे आत शिरले, पाय आपटत, ओठांवर बोट ठेवून. मुलांना हा खेळ वाटला, पण जपूनरावांचा जीव मुठीत होता. सावली फार होती. जमिनीवर पानांचा थर होता, आणि पानांच्या थराखाली काय आहे हे वरून कळायला काही मार्ग नव्हता. कारखान्यात अशी जमीन असती तर त्यांनी उत्पादन थांबवलं असतं. कुठेतरी एक फांदी कुरकुरली आणि त्यांनी दोन्ही मुलांना एकदम पोटाशी धरलं, तेव्हा हेल्मेटांचा ठाणकन आवाज झाला.

"बाबा, काय झालं?" थोरली कुजबुजली.

"काही नाही. छान आहे ना जंगल," जपूनराव म्हणाले आणि खोकले.

पहिला फाटा आला. फाटा म्हणजे काय, मुख्य वाटेपासून गुरांनी केलेली एक बारीक वाट फुटली होती, पण फाटा तो फाटा. जपूनरावांनी झाडाला पट्टी बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली आणि पुढे निघाले. थोरली तिथेच उभी राहून पट्टीवरचं वाचत होती. "चल गं," असं ते मागे न बघता म्हणाले, कारण धाकट्याची विजार खाली येत होती. त्याने पहिल्या पाच मिनिटांतच खिशांत दगड भरायला घेतले होते.

असं दर फाट्यावर होऊ लागलं. जपूनराव पट्टी बांधत, पुढे होत, थोरली मागे रेंगाळे आणि मग धावत येऊन गाठे. धावू नकोस म्हणायचं तर तो शब्द लागणार, म्हणून ते खोकत. अर्ध्या वाटेवर त्यांचा घसा खरोखरच बसला. धाकटाही त्यांचं बघून खोकायला लागला. एका हातात त्याची विजार, दुसऱ्या हातात पट्ट्या, पाय आपटणं चालूच, अशा अवस्थेत माणसाला निसर्गसौंदर्य दिसत नाही. जपूनरावांना दिसत होत्या त्या फक्त वाकलेल्या फांद्या.

मघाचं म्हातारं जोडपं मागून आलं आणि "येतो हं," म्हणत भराभर पुढे निघून गेलं. जपूनरावांना हायसं वाटलं. आपल्यापुढे माणसं आहेत, म्हणजे दरड कोसळली तरी आधी त्यांना कळेल. पण बऱ्याच वेळाने, धाकट्याला एका झुडपामागे नेऊन आणून ते पुन्हा वाटेला लागतात तोच, तेच जोडपं पुन्हा मागूनच आलं.

"अजून इथेच?" आजोबा म्हणाले. आजींनी थांबून जपूनरावांच्या हातावर खोकल्याची गोळी ठेवली. "घसा सांभाळा. वाढलाय तुमचा खोकला."

ती दोघं वळणाआड गेली आणि जपूनरावांच्या पायाखालची जमीन सरकली. जी माणसं पुढे गेली ती मागून कशी आली? याचा एकच अर्थ होता. बिचारी वाट चुकली होती. या वयात, काठीही न घेता, ती जंगलात फिरफिर फिरत होती, आणि अजून त्यांना ते कळलंही नव्हतं.

तुम्हाला आणि मला जे लगेच कळलं ते जपूनरावांना का कळलं नाही, असं विचाराल तर उत्तर सोपं आहे. वाट गोल आहे हे त्यांना रक्षकाने सांगितलं होतं. आणि आपण स्वतः न तपासलेल्या कुठल्याही दाव्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही त्यांची नोकरी होती.

शेवटी आला तो पूल. ओढ्यात पाणी असेल घोट्याएवढं, त्यावर लाकडी फळ्यांचा छोटासा पूल, दोन्ही बाजूंनी दोरीचा कठडा. पलीकडे वाट झाडीत वळत होती. जपूनराव पुलाच्या अलीकडे उभे राहिले. किती वजन चालेल याची पाटी नव्हती. फळ्यांमध्ये फटी होत्या. त्यांनी एक पाऊल टाकलं, फळी बोलली, आणि पाऊल परत आलं.

"आपण परत फिरू," ते म्हणाले.

"का?" थोरलीने विचारलं.

"पाहिलं ना जंगल. आता आलो तसे परत. पट्ट्या बघत बघत जायचं. बाबांनी उगीच नाही बांधल्या."

थोरली काहीतरी बोलणार होती, पण बाबा पाय आपटत निघालेसुद्धा.

ते शेवटच्या फाट्यापर्यंत आले आणि थांबले. इथे नक्की एक पट्टी बांधली होती. खोडाला गाठ होती त्या झाडाला. झाड होतं, खोडाची गाठ होती, पट्टी नव्हती. शेजारचं झाड बघितलं, त्यामागचं बघितलं. आता सगळ्याच खोडांना गाठी दिसायला लागल्या. थोडं मागे पळत जाऊन त्याच्या आधीचा फाटा बघितला, तिथेही पट्टी नव्हती.

जपूनरावांची पाचावर धारण बसली. डोक्यात विचारांची नुसती रांग लागली. हे झाड ते नव्हेच. आपण भलत्याच वाटेवर आहोत. किंवा कोणीतरी मागून येऊन पट्ट्या काढल्या, पण धोक्याची पट्टी चोरून कोण काय करणार. ऊन कलत होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. प्रत्यक्षात सकाळचे अकरासुद्धा वाजले नव्हते. दोन लहान मुलं, मोजकी बिस्किटं, आणि आणखी दोन वाट चुकलेली म्हातारी माणसं, ज्यांची जबाबदारीही बहुधा आता आपल्यावरच आहे. शिट्टी फुंकावी तर गांधीलमाश्या. ते एका दगडावर बसले आणि पोरांना दिसू नये म्हणून दोन्ही हातांनी तोंड पुसायला लागले.

"बाबा, काय शोधताय?" थोरलीने विचारलं.

"पट्ट्या," जपूनराव म्हणाले, आणि आवाज फाटला. "पट्ट्या कुठे गेल्या?"

थोरलीने रेनकोटाच्या खिशात हात घातला. एका खिशातून गठ्ठा काढला, मग दुसऱ्यातून. प्रत्येक पट्टी नीट घडी घालून ठेवलेली.

 जपूनरावांनी ओरडायला तोंड उघडलं, पण त्यातून खोकलाही आला नाही.

"चौकीवरच्या काकांनी सांगितलं ना, एकही आत राहता कामा नये," थोरली म्हणाली.

"अगं, पण ते बाहेर जाताना. आधीच काढल्यास तर आपण—"

"आधी नाही काढल्या. तुम्ही पुढे गेलात की मी बघत होते." ती त्यांच्या समोर उभी राहून, समजुतीच्या स्वरात, हळूहळू सांगत होती. "पट्टीवर धोका लिहिलंय. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी थांबून बघितलं. झाडाच्या मागे बघितलं, वर बघितलं, खाली पानांत काठी घालून बघितलं. एकीकडे मुंग्या होत्या. बाकी कुठेच धोका नव्हता, बाबा. मग काढली."

जपूनरावांनी दोन्ही गठ्ठे हातात घेतले. म्हणजे एवढा वेळ आपण पुढे चालत होतो, ज्या ज्या झाडापाशी पोचत होतो त्याला धोका बांधत होतो. आणि मागून आपली सात वर्षांची लेक एकटी, हेल्मेट सावरत, काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून तो सोडवत येत होती. तिला भीती वाटली नसेल? नक्की वाटली असेल. तरी बघितलं. त्यांनी आयुष्यभर पट्ट्या बांधल्या होत्या, आणि त्यातली एकही त्यांनी परत जाऊन सोडल्याचं त्यांना आठवेना. त्यांना एकदम रडू आलं आणि त्याची लाजही वाटली.

तेवढ्यात पांढरे बूट पुन्हा आले, या वेळी समोरून.

"अजून इथेच?" आजोबा म्हणाले.

जपूनराव उठून उभे राहिले. आता सगळ्यांना धीर द्यायची वेळ आली होती आणि तो आपल्याकडे मुळीच नाही, हे त्यांना माहीत होतं. पण थोरलीने सरळ विचारलं, "आजी, बाहेरची वाट कुठली?"

सगळ्या सकाळभरात हा प्रश्न कोणालाही विचारायचं जपूनरावांना सुचलं नव्हतं. खरं म्हणजे सुचलं होतं. पण सुरक्षा अधिकाऱ्याने वाट विचारायची म्हणजे काय.

"ही काय," आजी म्हणाल्या. "पूल ओलांडला की वळणावर चौकी. आमची ही तिसरी फेरी. डॉक्टरांनी सांगितलंय ना यांना, चाला म्हणून."

जपूनरावांनी आजींकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं, आणि एवढंच म्हणाले, "हो, मला वाटलंच होतं."

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हातात विजार नाही. विजार नाही आणि विजारीतला धाकटाही नाही. तो पुलाच्या बरोबर मध्यावर उभा होता आणि फळीवर उड्या मारत होता. प्रत्येक उडीला फळी वाजत होती आणि तिचा आवाज त्याला आवडलेला दिसत होता. जपूनराव धावले, पण पुलाच्या तोंडाशी त्यांचे पाय जागीच रुतले. तो शब्द घशात येऊन बसला, बाहेर पडेना. शपथेमुळे नव्हे, भीतीने.

"थांबा, मी बघून येते," थोरली म्हणाली.

तिने हात पाठीमागे बांधले, मान जरा पुढे काढली. पहिली फळी पायाने दाबून बघितली, मग दुसरी. वाकून खाली पाहिलं. दोरी हलवून बघितली. मध्यावर पोचल्यावर धाकट्याचा हात धरला आणि त्याला पलीकडे नेऊन उभं केलं. मग मागे वळून म्हणाली, "चौथी फळी हलते, तिच्यावर पाय नका देऊ. बाकी धोका नाही. या, बाबा."

बाबा आले. कसे आले हे फारसं सांगण्यासारखं नाही. दोन्ही हातांनी दोरी धरून, डोळे अर्धे मिटून, चौथ्या फळीवरून लांब ढांग टाकून आले. मागे आजी-आजोबा त्यांचा पूल संपायची शांतपणे वाट बघत उभे होते.

वळणावर खरोखरच चौकी होती. रक्षकाने धाकट्याचे खिसे रिकामे करायला लावले. दगडांचा ढीग बघून त्याने विचारलं, वाटेत काही उरलंय की नाही. धाकट्याने भोकाड पसरलं. मग पट्ट्या मोजायला घेतल्या.

"एक कमी आहे."

जपूनरावांचा चेहरा उतरला. त्यांनी आत, झाडीकडे बघितलं. नियम मोडला होता, त्यांच्या हातून, आयुष्यात पहिल्यांदा. थोरली आपल्या बुटांकडे बघत होती.

"मी जाऊन शोधून आणतो," जपूनराव म्हणाले, आणि म्हणताना त्यांना घाम फुटला.

"नको, नको," रक्षक घाईघाईने म्हणाला. "तुम्ही आत गेलात की मग मला यावं लागेल. पडली असेल कुठेतरी, मी बघतो."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं, पोट धरून हसली आणि हसताना पाय दुखला म्हणून थांबली. मग थोरलीला विचारलं, "मग, शुक्रवारी जाणार का?"

"बघू," थोरली म्हणाली.

त्या 'बघू'ने जपूनरावांचा अर्धा आठवडा खाल्ला. उरलेला खाल्ला त्या हरवलेल्या पट्टीने. जंगलात कुठेतरी त्यांच्या नावची एक पट्टी लोंबते आहे, कोणीतरी ती वाचून घाबरतं आहे, या विचाराने त्यांना जेवण गोड लागेना. आणि भरीस भर म्हणजे थोरलीचं वेगळंच सुरू झालं. रोज शाळेतून आली की ती घरातल्या एका खोलीत जायची, हात पाठीमागे बांधायची, मान पुढे काढायची आणि सगळं न्याहाळत फिरायची. पलंगाखाली वाकून बघायची. कपाटाचं दार उघडून-मिटून बघायची. गॅसच्या शेगडीसमोर बराच वेळ उभी राहिली. गॅलरीचा कठडा हलवून बघितला. दारात उभे राहून जपूनराव ते बघत. चाल त्यांचीच होती. जंगलात नेऊन भीती घालवायची म्हणून गेलो आणि ती दुप्पट करून आणली. आता पोरीला घरातसुद्धा भीती वाटायला लागली.

"काही बोलू नका तिला," बायको म्हणाली.

"मी कुठे बोलतोय," म्हणून जपूनराव खोकले.

शुक्रवारी सकाळी थोरलीने कोणाला न सांगता बूट घातले. डबा पिशवीत टाकला. बायकोने शाळेच्या चिठ्ठीवर गुपचूप सही करून दिली होती, हे जपूनरावांना तेव्हा कळलं. बस कोपऱ्यावर येऊन उभी होती. खिडक्यांतून मुलांच्या माना बाहेर आल्या होत्या. माना बाहेर काढू नयेत, पण ते काही बोलले नाहीत.

"पायरी ओली आहे," बसच्या दारात थोरली म्हणाली.

जपूनरावांना वाटलं, झालं. आता ही मागे फिरणार. आता ही बाकावर जाऊन बसणार, आणि दहा वर्षं उठणार नाही.

थोरलीने पायरीवर पाय घासून बघितला. "पण घसरत नाही," ती म्हणाली आणि चढून गेली. आतून कोणीतरी तिला हाक मारली, इकडे बस म्हणून. काचेतून तिचं अर्धं डोकं दिसलं, मग बस वळली.

जपूनराव कोपऱ्यावर बराच वेळ उभे होते. डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं झालं होतं. ते घरी आले आणि तोंडावर पाणी मारायला म्हणून न्हाणीघराकडे गेले. नेहमीच्या सवयीने दारात पाय उंच उचलला, कारण तिथे चटईची कड वर आलेली असते, आणि उचललेला पाय तसाच हवेत राहिला. चटई जागेवर नव्हती. नीट गुंडाळून भिंतीशी उभी केली होती, आणि तिच्याभोवती, दोनदा ओढून मारलेल्या गाठीने, ती हरवलेली पट्टी बांधलेली होती. धोका धोका धोका.

"आठवडाभर पट्टी खिशात घेऊन घर तपासत होती ती," सोफ्यावरून बायको म्हणाली. "सगळ्या घरात पट्टी बांधण्यालायक एकच जागा आहे म्हणाली."

जपूनरावांनी पाय खाली ठेवला. फरशी कोरडी होती. त्यांनी गुंडाळलेली चटई उचलून काखेत मारली, आणि कचऱ्याच्या डब्याकडे जाता जाता सोफ्यापाशी थांबून, आठवडाभरात पहिल्यांदाच, न खोकता म्हणाले, "पाय सांभाळ, हं. जपून."